कलम कच्चं आहे, हात लावू नये

कोरोना आला आणि गेला, पण वसईजवळच्या वटार गावच्या मार्सेलच्या तोंडावरचा मास्क काही गेला नाही. गावातल्या बाकीच्यांनी आपापले मास्क कधीच काढून टाकले होते, कुणी त्याचं स्कूटर पुसायचं फडकं केलं होतं. मार्सेल मात्र सकाळी वाडीत जाताना आधी मास्क चढवायचा, मग पायांत चपला. कुणी विचारलंच तर उत्तर तयार: "धूळ." आता केळीच्या ओल्या वाडीत कसली आलीय डोंबलाची धूळ! पण पुढचा प्रश्न विचारायची कुणाची टाप नव्हती. साठी उलटली तरी हा माणूस नाकावर माशी बसू देत नसे.

खरी गोष्ट ठाऊक होती ती दोघींनाच, बायकोला म्हणजे फ्लॉसीला आणि मुलीला, ज्युलीला. चार वर्षांपूर्वी मार्सेलच्या नाकाच्या शेंड्याशी, डाव्या नाकपुडीच्या कडेला एक फोड आला होता. मोत्याएवढा, चकचकीत. चिकूची फांदी लागली असेल म्हणून त्याने लक्ष दिलं नाही. फोडावर खपली धरायची, पडायची, भरल्यासारखं वाटायचं, पुन्हा फुटायचं. दुखायचा मात्र अजिबात नाही, आणि न दुखणाऱ्या गोष्टीसाठी डॉक्टरची पायरी चढणं मार्सेलच्या घराण्यात कुणी केलं नव्हतं. त्याने हळद लावली, कोरफड लावली, आणि एकदा तर झाडाच्या जखमेला फासतात ती निळी बोर्डो पेस्ट लावली. "झाडाला चालते, मग मला काय होतंय?" त्या दिवशी फ्लॉसीने त्याच्याशी बोलणंच टाकलं. फोड आपलं काम गुपचूप करत राहिला, आणि चौथ्या वर्षी नाकपुडीची कड उंदराने कुरतडल्यासारखी दिसायला लागली.

मार्सेलचा धंदा कलमं बांधायचा. वटारात केळीच्या वाड्या पुष्कळ, फुलांच्या पुष्कळ, पण चिकूचं भेट कलम म्हटलं की लोक त्याचंच नाव घेत. हल्ली रोपवाटिकांत झटपट कलमं मिळतात. शेंडा कापला, खोचला, वर पिशवी बांधली, झालं. मार्सेलला ते बिलकूल पटायचं नाही. त्याची पद्धत बापाची. चिकूच्या मोठ्या झाडाभोवती बांबूचा मांडव घालायचा, मांडवावर खिरणीच्या रोपांच्या कुंड्या चढवायच्या आणि एकेक रोप एकेका फांदीला भेटवायचं. दोघांची साल बोटभर तासायची, जखमेला जखम लावायची आणि पट्टीने आवळून बांधायचं. फांदी झाडापासून तोडायची नाही, ह्यातच सगळी मेख आहे. नव्या जागी जीव धरेपर्यंत तिला जुन्या झाडाचाच रस मिळत राहतो. दोन-अडीच महिन्यांनी साल एक झाली की खालून आधी अर्धा काप द्यायचा, आठ दिवस थांबायचं, आणि मगच पुरतं तोडायचं.

तेवढे दिवस झाडाचं रूप बघवत नसे. इकडे कुंडी टांगलेली, तिकडे फांदी वाकलेली, जिकडेतिकडे पट्ट्या. गिऱ्हाइकं तोंडं वाकडी करायची. मार्सेल म्हणायचा, "लागतंय तोवर वाकडंच दिसणार. सरळ बघायची हौस असेल तर पावसाळ्यात या." आणि उतावळ्या बोटांच्या बंदोबस्तासाठी त्याने फांद्यांना पत्र्याचे तुकडे टांगले होते. ज्युली दुसरीत असताना तिने त्यांवर पांढऱ्या रंगाने, तिरक्यातिरक्या अक्षरांत लिहून दिलं होतं: 'कलम कच्चं आहे. हात लावू नये.' ज्युली आता सत्तावीस वर्षांची झाली, वसईच्या बँकेत नोकरीला लागली. पत्रे अजून तेच होते.

तर ह्या ज्युलीचं लग्न ठरलं. मुलगा जॅक्सन, नंदाखाल गावचा, जहाजावर इंजिनिअर. त्याची सुट्टी दहा जानेवारीपर्यंत. नाताळाआधीच्या आगमनकाळात चर्चमध्ये लग्नं लागत नाहीत, म्हणून तारीख धरली एकोणतीस डिसेंबर. हॉल वर्षभर आधी घेतलेला. म्हणजे तारीख इकडची तिकडे व्हायची सोय नाही.

ऑक्टोबरात साखरपुडा झाला तो जॅक्सनच्या घरी. केक कापला, आणि जॅक्सनची आई मेरी तुकडा घेऊन व्याह्यासमोर उभी राहिली. बाई तीस वर्षं नर्स होती, निवृत्त झाली तरी आवाजातला वॉर्ड काही गेला नव्हता.

"व्याही, तोंड गोड करायचंय. ते फडकं काढा."

"धूळ," मार्सेल सवयीने म्हणाला.

"माझ्या घरात धूळ?"

झालं! फ्लॉसीने कपाळावर हात मारला. मार्सेलला आपण काय बोलून बसलो ते कळेपर्यंत मेरीने स्वतःच त्याच्या कानावरची दोरी सोडली होती. मेरीने त्याच्या चेहऱ्याकडे बघितलंच नाही, बघितलं ते फक्त नाकाकडे. बाजारात पापलेटाचे कल्ले उघडून बघतात तसं, उजेडाकडे वळवून.

"कधीपासून आहे?"

"फोड आहे साधा. चार वर्षं..."

"व्याही, हा फोड नाही. उद्या सकाळी आठ वाजता रिक्षा घेऊन तुमच्या दारात येते. तयार राहा." आणि मग तिने केकचा तुकडा त्याच्या तोंडात कोंबला. "तोवर हे खा."

आठला दहा कमी असतानाच रिक्षा दारात हजर. मेरीने त्याला वसईच्या एका हॉस्पिटलात नेलं. तिथे प्लास्टिक सर्जन होती डॉक्टर दिपिका. पस्तिशीची, चणीने लहान, बोलायला मोकळी. तिने चिमूटभर तुकडा काढून तपासायला पाठवला आणि आठ दिवसांनी मार्सेल आणि फ्लॉसीला समोर बसवून सरळ सांगितलं, "अंकल, हा कातडीचा कॅन्सर आहे."

फ्लॉसीने मार्सेलचा हात धरला. चाळीस वर्षांत तिने चारचौघांत तो पहिल्यांदा धरला असेल.

"घाबरू नका," डॉक्टर म्हणाली. "कॅन्सरमधला हा आळशी. अंगात पळापळ करत नाही सहसा, बसल्या जागी खात बसतो. उन्हात जन्म काढलेल्यांना होतो. पुरता काढला की बहुतेक गेलाच. पण काढताना नाकाचा शेंडा आणि डावी नाकपुडी जाईल."

"जाईल म्हणजे?"

"जाईल. आणि मग आपण नवीन करू."

मार्सेलला दिसत होतं ते चर्च, दुतर्फा बाकांवरची सहाशे माणसं, आणि मधून मुलीचा हात धरून चालणारा बिननाकाचा बाप. लोकांनी पुढे वर्षभर दुसरा विषय काढला नसता.

डॉक्टरने कागद ओढला आणि त्यावर एक तोंड काढलं. "इथून, कपाळावरून, कातडीची एक पट्टी सोडवायची. भुवईपाशी देठ ठेवायचा. पट्टी खाली फिरवून नाकावर शिवायची. कानातली थोडी कूर्चा, म्हणजे मऊ हाड, घ्यायची आधाराला. आता हा देठ लगेच तोडायचा नाही, कारण..."

"कारण रस तिकडून येतो," मार्सेल म्हणाला.

डॉक्टरने मान वर केली. "हो. रक्त."

"जखमेला जखम लावायची. हलू द्यायची नाही. नव्या जागेने धरलं की मग देठ तोडायचा."

"बरोबर. तीन आठवड्यांनी."

"तीन आठवडे? एवढ्यात कसं धरेल?"

"माणूस झाडापेक्षा लवकर धरतो, अंकल."

"उतावळा असतो म्हणून," मार्सेल म्हणाला.

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "तुम्ही मेडिकलला होतात का कुठे?"

"आठवी पास. चिकूची कलमं बांधतो."

डॉक्टर जी हसायला लागली ती थांबेचना. मग तिने आणखी एक बातमी दिली. कपाळ लहान असलं तर पट्टीबरोबर डोक्याचे केसही येतात आणि नव्या नाकावर उगवत बसतात. "पण तुम्हाला ती काळजीच नाही," ती म्हणाली आणि मार्सेलच्या मानेपर्यंत गेलेल्या टकलाकडे तिने मोठ्या समाधानाने बघितलं. चार वर्षांत पहिल्यांदा फ्लॉसी खळखळून हसली.

तारखा ठरल्या. नोव्हेंबर संपता संपता गाठ काढली, कडा स्वच्छ असल्याचा रिपोर्ट आला, आणि एक डिसेंबरला कपाळाची पट्टी नाकावर बसली. बावीस तारखेला देठ तोडायचा, एकोणतीसला लग्न. मध्ये चांगले सात दिवस. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी ज्युली त्याच्या खाटेवर येऊन बसली.

"पप्पा, लग्नात मास्क नको हं."

"उघड्या तोंडाने घेऊन जाईन तुला. शब्द."

मार्सेलचा शब्द म्हणजे कलमाची खात्री. दिला की दिला.

ऑपरेशननंतर शुद्धीवर आल्यावर त्याने पाणी मागितलं नाही, आरसा मागितला. वॉर्डातली आया जिजामावशी खाडीकाठची, ती आधी पाण्याचा पेला पुढे करून म्हणाली, "बाबा, पानी प्या, आरसा कुठं पळून जातोय?" पण मार्सेल हटेना. शेवटी तिने आपल्या पर्समधला इवलासा आरसा दिला. मार्सेलने बघितलं. दोन भुवयांच्या मधून बोटाएवढा जाड एक देठ निघून नाकावर उतरला होता. दुसरा कुणी असता तर घेरी येऊन पडला असता. मार्सेलने मान इकडून तिकडे वळवून टाके तपासले आणि निकाल दिला, "बांधणी चांगली आहे."

रोज सकाळी डॉक्टर यायची आणि नव्या नाकाला बारीक सुई टोचून बघायची. टोचलं की लाल थेंब वर यायचा. "बघा, लालभडक. जिवंत आहे. निळसर आला किंवा आलाच नाही तर मग आपली पळापळ." मार्सेलला हे फार आवडलं. कलमाची साल नखाने खरवडून खाली हिरवं आहे का बघतात, तेच हे. चौथ्या दिवशी त्याला घरी सोडलं, आणि इथून पुढे जे झालं त्याला दोष द्यायचा तर त्या आवडण्यालाच द्यावा लागेल.

घरी मार्सेलच्या नाकी नऊ आले. उन्हात जायचं नाही, वाकायचं नाही, वाडीचं नाव काढायचं नाही. चष्मा लावावा तर देठ मध्ये. पेपरसुद्धा फ्लॉसी वाचून दाखवायची, आणि ती फक्त मयतांच्या बातम्या वाचायची. सहाव्या दिवशी ती नोव्हेनाच्या प्रार्थनेला चर्चमध्ये गेली. मार्सेल आरशासमोर एकटा. बिनचष्म्याने नाकाचा शेंडा त्याला जरा मळकट वाटला. सुकतंय की काय? चाळीस वर्षं ज्याने दुसऱ्याचं कलम खरवडून बघितलं, तो स्वतःचं न बघता राहील कसा! नख घाण असतं, एवढी अक्कल त्याला होती. त्याने परसातल्या लिंबाचा काटा तोडला, उकळत्या पाण्यातून काढला आणि हलकेच टोचला. लाल थेंब! काय आनंद झाला त्याला! आता एका जागी बघून कलमाचा भरवसा धरायचा नाही, ही बापाची शिकवण. म्हणून त्याने मध्यावर एकदा टोचलं, आणि मग डाव्या कडेला, टाक्यांच्या अगदी लगत, तिसऱ्यांदा.

दोन दिवसांत डावी कड टरारून सुजली आणि टाक्यांतून पू यायला लागला.

"हे काय टोचलंय इथे?" डॉक्टरने विचारलं.

मार्सेल छताकडे बघत म्हणाला, "लिंबाचा काटा."

जिजामावशी तोंडाला पदर लावून बाहेर निघून गेली, हसायला की रडायला देव जाणे.

"अंकल, तुमच्या कच्च्या कलमाला एखाद्या गिऱ्हाइकाने काटा टोचला तर तुम्ही काय कराल?"

"हात मोडीन त्याचा."

"मग आता सांगा, तुमचं काय मोडू?"

पुन्हा भरती, पुन्हा सलाइन, पुन्हा सुया. पाच दिवसांनी पू आटला. फ्लॉसीने घरातल्या सगळ्या टाचण्या, सुया आणि दाभण माहेरी नेऊन ठेवले. लिंबाचं झाड नेता येत नव्हतं म्हणून राहिलं.

बावीस तारीख उजाडली. डॉक्टरने नाक सगळीकडून तपासलं. शेंडा छान गुलाबी होता, डावी कड मात्र अजून पुरती मिळाली नव्हती. "आणखी दोन आठवडे," ती म्हणाली. "पाच जानेवारी."

"एकोणतीसला लग्न आहे," फ्लॉसी म्हणाली.

डॉक्टर खुर्चीत बसली. "मला माहीत आहे, मावशी. आज तोडला तर कदाचित टिकेल. पण ती कड सुकली तर पुन्हा पहिल्यापासून सगळं, आणि दुसऱ्या वेळी इतकं चांगलं होणार नाही. माझं मत थांबा असंच आहे. तरी रात्रभर विचार करा, उद्या फोन करा."

मार्सेल घरी आला तो तडक वाडीत गेला. डॉक्टरची बंदी होती, पण ऊन उतरलं होतं. मांडवाखाली कुंड्या टांगलेल्या होत्या, तो त्यांच्याखाली पाटावर बसला. त्याला खाडीकाठचे रामनाथभाऊ आठवले.

तेव्हा मार्सेल एकोणीस वर्षांचा. बाप विषमज्वराने खाटेला खिळलेला. रामनाथभाऊंनी चाळीस कलमं सांगितली होती, आणि ते रोज येऊन विचारायचे, झालं का, झालं का. कलमं हिरवीगार दिसत होती. मार्सेलने बापाला न विचारता वीस दिवस आधीच सगळी तोडून दिली. महिन्याने रामनाथभाऊ वाळलेल्या काटक्यांचा भारा घेऊन आले. भांडले नाहीत. ओटीवर बसले आणि म्हणाले, "शेन घातलं, पानी घातलं, पोरासारखं बघितलं. माझं काय चुकलं ते सांग, म्हंजे पुढच्या वेळी करनार नाय." शिवी दिली असती तर बरं झालं असतं. पुढच्या वर्षी मार्सेलने नवी चाळीस कलमं बांधली, स्वतः बैलगाडीतून नेली आणि स्वतः लावून दिली. तेव्हापासून दोन्ही घरांचा जाण्यायेण्याचा संबंध. पण हिरवं दिसतं म्हणजे लागलं असं नाही, हे मार्सेलच्या हाडात बसलं ते कायमचं.

दुसऱ्या दिवशी त्याने फोन केला. "पाच जानेवारी," एवढंच म्हणाला आणि ठेवला. मग फ्लॉसीकडे वळला. "फर्डिनंडला सांग, ज्युलीला तो घेऊन जाईल. मी मागच्या बाकावर बसेन."

फर्डिनंड त्याचा धाकटा भाऊ. फ्लॉसी उसळली. "अहो, बाप जिवंत असताना काका?"

"हे असलं सोंड लावलेलं ध्यान मुलीच्या शेजारी? सगळा अल्बम नासवायचाय? तिची हौस, तिचा पांढरा ड्रेस, आणि बाजूला मी! नाही."

संध्याकाळी ज्युली बँकेतून आली, तिने सगळं ऐकून घेतलं आणि "बरं" म्हणून चहा करायला गेली. मार्सेलला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. निदान एकदा तरी तिने 'नको पप्पा' म्हणायला हवं होतं. आपणच घातलेला घाव, आपल्यालाच लागला. त्या आठवड्यात घरात मांडव चढला, पाहुणे आले, इंद्यालाच्या आंबट-तिखट रश्शाचा वास गल्लीभर सुटला, आणि मार्सेल आपल्या खोलीत पाठ करून पडून राहिला. लोकांनी समजूत घातली, पण मनातून तो वाट बघत होता ती एकीचीच, आणि ती पोरगी मात्र गाणी गुणगुणत मेंदी वाळवत फिरत होती.

ज्युलीला बाप पुरता ठाऊक होता. वाद घातला की तो हट्टाला पेटतो, हे ती जन्मभर बघत आली होती. म्हणून ती गप्प बसली ते एकोणतीस तारखेच्या सकाळपर्यंत. गाडी दारात आली, आणि पांढऱ्या ड्रेसचा घोळ दोन्ही हातांनी उचलून ती त्याच्या खोलीत शिरली. मार्सेल सूट घालून, मागच्या बाकावर बसायच्या तयारीने खाटेवर बसला होता. तिच्या हातात पत्र्याचा एक तुकडा होता, वाडीतून आणलेला, धुऊन पुसून चकचकीत केलेला. त्याला तिने आपल्या गुच्छाची सॅटिनची फीत ओवली होती.

"उठा, पप्पा."

"फर्डिनंड आला का?"

"फर्डिनंडकाकाला मी गेल्या सोमवारीच सांगून टाकलंय, पुढे आलास तर याद राख." तिने पत्रा त्याच्या कोटाच्या बटणात अडकवला. "लागतंय तोवर वाकडंच दिसणार, हे गिऱ्हाइकांना ऐकवायला बरं वाटतं, नाही का? स्वतःवर आलं की मागचा बाक! उघड्या तोंडाने घेऊन जाईन म्हणाला होतात. तोंड सरळ असेल असं कुठे म्हणाला होतात? आता चला, नाहीतर मी एकटी चालत जाईन आणि माईकवरून सांगेन की माझा बाप भित्रा आहे."

मार्सेलने मान खाली घालून छातीवरची अक्षरं बघितली. दुसरीतल्या पोरीचा तो तिरका 'क'. त्याच्या डोळ्यांना धार लागली. "रडू नका, टाके ओले होतील," ज्युली म्हणाली, आणि मग दोघंही रडली, आणि मागून फ्लॉसी ओरडली की दोघांनाही अक्कल नाही, फादर थांबलेत.

चर्चमध्ये ऑर्गन सुरू झाला. पहिल्या चार बाकांपर्यंत लोकांनी मार्सेलकडे बघितलं आणि चटकन नजरा फिरवल्या, तेच त्याला सगळ्यांत जास्त लागत होतं. पण पत्रा कोटाच्या बटणावर टिंगटिंग वाजत होता. आवाज येतो कुठून म्हणून पाचव्या बाकावरच्या सालोमीने वाकून बघितलं, वाचलं आणि फस्सकन हसली. तिने शेजारणीला कोपराने ढोसलं. मग ते हसू बाकाबाकाने पुढे सरकत गेलं. त्या लोकांतल्या अर्ध्यांच्या परसात मार्सेलचं चिकूचं कलम उभं होतं, अर्ध्यांच्या बोटांवर कधी ना कधी त्याने फटका मारला होता. आता कुणी नजर चुकवेना. माना वळवून, उघड उघड, कौतुकाने बघायला लागले. मार्सेलची पाठ आपोआप सरळ झाली.

अगदी पुढे, कडेच्या बाकावर, काठी टेकून बसले होते रामनाथभाऊ. आता वय ऐंशीच्या घरात. त्यांनी काठीच्या टोकाने मार्सेलला थांबवलं, जवळ ओढलं आणि डोळे बारीक करून आधी पत्रा वाचला, मग कपाळापासून शेंड्यापर्यंतचा तो देठ बघितला. मागे ऑर्गन चालूच होता, वेदीपाशी जॅक्सन ताटकळला होता.

"या खेपेला घाई नाय ना केलीस?" त्यांनी विचारलं.

"नाही, भाऊ."

"मंग लागनार," म्हातारा म्हणाला आणि त्याने काठी बाजूला घेतली.

रिसेप्शनला डॉक्टर दिपिका आली होती. तिने नवरा-नवरीला आहेर द्यायच्या आधी मोबाईलचा टॉर्च मारून व्याह्यांच्या घोळक्यात मार्सेलचं नाक तपासलं. बँडवाल्यांनी मार्सेलला नाचवायचा प्रयत्न केला, तेव्हा मेरी मध्ये आडवी उभी राहिली आणि कुणाची हिंमत झाली नाही.

पाच जानेवारीला देठ तुटला. डावी कड पक्की धरली होती. कपाळावर एक उभी रेघ राहिली आणि नाक थोडं जाडसर, पण नाक म्हणजे नाकच. मास्कची उरलेली सगळी पाकिटं फ्लॉसीने चुलीत घातली.

फेब्रुवारीत फोटोवाला मार्क लॅपटॉप घेऊन आला. ज्युली माहेरी आलेली होती. अल्बमच्या पहिल्या पानासाठी त्याने चर्चमधला मोठा फोटो काढला होता, बाप आणि मुलगी, समोरून. "अंकल," तो म्हणाला, "हे नाकावरचं काढून टाकतो मी. कॉम्प्युटरवर दोन मिनिटांचं काम आहे. कुणाला कळणारसुद्धा नाही."

मार्सेलने खिशातून चष्मा काढला आणि नव्या नाकावर बसवला. नीट बसला. तो बराच वेळ फोटोकडे बघत राहिला. ज्युलीने त्याच्या खांद्यावरून वाकून बघितलं.

"मार्क, तुला वाचता येतं ना रे?"

"म्हणजे काय, अंकल!"

"मग तो माझ्या छातीवरचा पत्रा वाच. मोठ्याने वाच."

मार्कने स्क्रीनवर अक्षरं मोठी केली. "कलम कच्चं आहे. हात लावू नये."

"मग?" मार्सेल म्हणाला.